गोगलगाईतलं माणूसपण

सरांना बोलायचं भारी वेड, आणि तेही नेमकं उघड्या नळीवर वाकून. त्यांच्या प्रयोगशाळेत गोगलगाईंचा चिकट स्राव गोळा करून त्यात कोणतं प्रथिन किती आहे, ते मोजायचं काम चाले. मोजणारी त्यांची विद्यार्थिनी. सरांपुढे तिला कधी शब्द काढायला मिळालाच नाही, म्हणून सगळे तिला मौनी म्हणत. तिनं नळीचं झाकण काढलं, की सर हजर. "अगं, प्रथिन म्हणजे..." इथून जी गाडी सुटे, ती जेवणाच्या सुट्टीलाच थांबे.

काल यंत्रानं इतक्या वर्षांच्या मोजणीचा एकत्र निकाल दिला, तो अजबच. स्रावात एक प्रथिन भरभरून होतं, आणि तेही हुबेहूब माणसाच्या लाळेतलं! सर नाचायचेच बाकी राहिले. "गोगलगाय आपली मावसबहीण निघाली गं! उद्या दुपारी सगळ्या विभागापुढे जाहीर करतो. तुझंही नाव घालतो!"

ही लाळ कुणाची, ते मौनीच्या चटकन लक्षात आलं होतं. उद्या चारचौघांत हसं झालं असतं, तर तिचा प्रबंध कुणी हातात धरला नसता. पण खुद्द सरांना 'ही तुमची थुंकी' असं सांगायचं कसं? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दुसरं कुणी नव्हतंही.

सकाळी तिनं तीन नळ्यांत नुसतं पाणी भरलं, रोजच्यासारखं सरांना बोलू दिलं आणि मोजणी उरकून निकाल त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, यात गोगलगाय नाहीच. साधं पाणी आहे."

"मग हे प्रथिन आलं कुठून?"

"पहिली नळी बंद होती, तिच्यात काही नाही. दुसरीवर तुम्ही 'काय चाललंय' म्हणालात, तिच्यात थोडं आहे. तिसरीवर तुमच्या परदेश दौऱ्याची हकिगत सांगितलीत."

सरांनी तोंड उघडलं. नळ्यांकडे पाहिलं. मिटलं. खोलीतला फ्रिज घुरघुरतो, हे मौनीला आज प्रथमच कळलं.

"म्हणजे इतकी वर्षं आपण मोजत होतो ते..."

"तुम्हालाच, सर."

सर मटकन स्टुलावर बसले. तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "सभा रद्द करतो. तुला मुदत वाढवून देतो, सगळं नव्यानं मोज. मी दाराबाहेर थांबेन."

मौनीचा जीव भांड्यात पडला. ती नळ्या आवरायला लागली.

"अगं," सर रुमालाआडून हळूच म्हणाले, "तिसऱ्या नळीत किती भरलो मी?"

"मोजता आलं नाही, सर. यंत्राच्या आवाक्याबाहेर गेलं."

"असं?" म्हणत सर ताठ बसले. "तो दौरा होताच तसा!"