भार्गवची पद्धत

समता कॉलनीत भार्गवची आणि माझी भिंत एकच. त्यामुळे त्याची मुलगी रात्री कितीदा उठते, हे मला ठाऊक आहे; भार्गवला नाही. तो घोरतो, तेही मला ऐकू येतं.

असा हा गृहस्थ गावातल्याच बुढापारा मोहल्ल्यात बायकोच्या, श्रावणीच्या, माहेरी बारशाला गेला (शेजारीण म्हणून मीही गेले होते) आणि बाळंतिणीलाच झोपेचं शास्त्र शिकवू लागला. बाळंतीण म्हणजे श्रावणीची वहिनी, इंदू. जागरणानं बिचारीचे डोळे लाल झालेले.

"वहिनी, पोट्टा रडला का लगेच उचलून राहिल्या तुम्ही, तिथंच चुकते. आमची पोट्टी पाहा, रातभर गाढ झोपते. रूटीन लावलं मी."

बारा दिवसांच्या पोराला रूटीन! पण जावयाला बोलणार कोण? सगळ्यांनी घुगऱ्या खात माना डोलावल्या. इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

श्रावणीची रजा संपत आली होती, सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं. रात्री एकदा तरी भार्गवनं उठावं म्हणून ती कधीची विनवत होती. "अगं, ती उठतेच कुठं?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आता ती शांतपणे म्हणाली, "मग आज मी इथंच राहतो. दूध काढून घरी फ्रिजमध्ये ठेवलं आहे. पोट्टी तुमच्याजवळ."

चारचौघांत फुशारकी मारल्यावर नाही म्हणायची सोय उरली नव्हती. त्या रात्री भिंतीपलीकडे घोरणं नव्हतं. आधी अंगाई, मग विनवण्या, मग नुसतं "काहून रडून राहिली वो माय?"

सकाळी मी डोकावले, तर त्याची आई शारदाताई मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढत होत्या. नातीची नव्हे, भार्गवची! "एका रातीत तोंड उतरलं माह्या लेकाचं." दारात शेजारणी कौतुकानं बघत होत्या. म्हणे, असा बाप मिळायला नशीब लागतं.

तेवढ्यात श्रावणी आली. चांगली झोप झालेली दिसत होती.

"आई, माही दृष्ट कधी नाही काढली तुम्ही."

"तुले तं सवय आहे."

श्रावणीनं भार्गवकडे बोट दाखवलं. "मग यायलेही लागू द्या. सवय काय एका रातीत लागते? आजही पोट्टी यायच्याचजवळ."

भार्गवनं घाबरून विचारलं, "रोज एवढी उठते का गं ती?"

मुलगी सहा महिन्यांची झाली होती.