डावा पाय

हेडविकाला कुणी नाच शिकवायला सांगितलं नव्हतं, आणि तिच्या गावात नावं ठेवायला एवढं पुरेसं होतं. चेक देशात, मोराव्हियाच्या त्या टेकड्यांत न मागितलेलं काम जो करतो त्याच्यावर लोक वर्षभर बारीक नजर ठेवतात, आणि पुरुषांचं काम बाईनं केलं तर दोन वर्षं.

काम होतं व्हेर्बुन्क नावाचा नाच शिकवण्याचं. पुरुषानं एकट्यानं वादकांसमोर उभं राहून आधी स्वतःचं गाणं म्हणायचं, मग त्यांनी ते वाजवायला घेतलं की टाचा आपटत, मांडीवर थाप देत उड्या घ्यायच्या. हेडविकाचा नवरा व्हेंडेलीन हा नाच असा नाचायचा की बायका चुलीवरचं दूध विसरायच्या. तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्यामागं गावात शिकवणारं कुणी उरलं नाही, कारण म्हातारे फक्त नावं ठेवण्यात तरबेज होते. शेवटी त्या वसंतात तिनं पाच पोरांना आपल्या कोठारात बोलावलं.

‘‘मावशी, तुम्हाला येतं?’’ शेजारच्या क्रिश्टॉफनं विचारलं होतं. तो पाचांत मोठा, एकोणीस वर्षांचा, आणि पायांपेक्षा जिभेनं चपळ.

‘‘तीस वर्षं तुझे काका माझ्या स्वयंपाकघरात सराव करायचे. मी चुलीपाशी उभी राहून त्यांच्याबरोबर करून बघायची. त्यांची चूक मीच काढायची. तू बूट घाल.’’

पोरांकडं पाठ करून, शाळेतल्या कवायतीसारखी, ती पुढं उभी राहायची आणि ती करेल तसं मागं पाचजण करायचे. साठीतली बाई, पण पाय असा पडायचा की कोठारातल्या कोंबड्या बाहेर पळायच्या. ऑक्टोबरपर्यंत पोरं तयार झाली.

आता गावजत्रेची त्यांची रीत सांगायला हवी. जत्रेच्या रविवारी नवी पोरं पहिल्यांदा वादकांसमोर येतात तेव्हा म्हाताऱ्यांचं टेबल पुढंच मांडलेलं असतं. नाच पसंत पडला तर म्हातारे ग्लास उचलतात. नाही पडला तर काही बोलत नाहीत, नुसत्या खुर्च्या फिरवून पाठ करून बसतात. ज्याच्यासमोर खुर्च्या फिरल्या तो पोरगा पुन्हा वादकांकडं गाणं मागायला गेलेला कुणी पाहिला नाही. त्या टेबलावर सगळ्यांत आधी खुर्ची फिरते ती किलियान आजोबांची. वय चौऱ्याऐंशी, मिशा पांढऱ्या आणि दया शून्य.

जत्रेच्या आदल्या दुपारी हेडविकाची मुलगी ब्रनोहून आली आणि आईला खूश करावं म्हणून एका जुन्या लग्नाचं चित्रण घेऊन आली. पडद्यावर व्हेंडेलीन वादकांसमोर उभा राहिला, गायला, उडाला. हेडविकाचे डोळे भरून आले. मग ते कोरडे झाले. मग ती उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली.

तो उजव्या पायावरून उडत होता. उजवा हात वर.

तिनं पोरांना शिकवलं होतं डावा पाय, डावा हात.

कारण उघड होतं, आणि तीस वर्षांत तिच्या ते एकदाही ध्यानात आलं नव्हतं. ती त्याच्यासमोर उभी राहून शिकली होती, आरशात बघावं तशी. तिनं क्रिश्टॉफला हाक मारून अंगणात उभं केलं आणि म्हणाली, ‘‘उजव्यानं उडून दाखव.’’

तो उडाला आणि आलुबुखारांच्या टोपलीत बसला.

‘‘मावशी, आदल्या दिवशी हे काय काढलंत? डावा पाय मी झोपेतसुद्धा टाकतो!’’

‘‘मी तुम्हाला उलटं शिकवलं रे. पाचही जणांना. उद्या जाऊ नका. मी सांगते की तुम्ही आजारी आहात.’’

‘‘पाचही? कशानं? तुमच्या गोड कोलाच-पावानं?’’ क्रिश्टॉफ विजारीवरचा आलुबुखार झटकत म्हणाला. ‘‘माझी आजी फुलं लावून टोपी तयार करून बसलीय. आम्ही जाणार. फिरवू देत खुर्च्या.’’

त्याला बोलायला काय जातंय, तिला वाटलं. खुर्च्या फिरल्या तर ही पोरं पुन्हा उडी मारणार नाहीत, आणि व्हेंडेलीनचा नाच तिच्याच हातून मरणार. घरात नुसता आठवणीत ठेवला असता तर निदान सुलटा तरी राहिला असता.

रविवारी दुपारी अख्खं गाव मंडपात. बदकं, आंबवलेला कोबी, पांढरी वाइन. हेडविका ताटातलं नुसतं चिवडत होती. क्रिश्टॉफ वादकांसमोर गेला, टोपी मागं सारली आणि गायला. आवाज जरा चढला, पण सुरात होता. व्हायोलिनवाल्यानं मान हलवली, सुरावट उचलली. क्रिश्टॉफनं डावा हात वर केला आणि डाव्या पायावरून उडाला.

म्हाताऱ्यांच्या टेबलावर कुजबुज झाली. एकानं कोपरानं दुसऱ्याला ढोसलं. किलियान आजोबांची खुर्ची करकरली आणि ते उठून उभे राहिले.

हेडविका मधे जाऊन उभी राहिली. कशी गेली ते तिला नंतरही आठवलं नाही. वादक थांबले.

‘‘चूक माझी आहे, किलियान आजोबा. पोरांची नाही. त्यांच्याकडं पाठ करू नका.’’

‘‘कसली चूक?’’

‘‘मी व्हेंडेलीनसमोर उभी राहून शिकले. तो उजव्यानं उडायचा, ते माझ्या अंगात डाव्यानं बसलं. मला कालपर्यंत कळलंच नाही. पोरं चांगली आहेत, मीच उलटी.’’

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. किलियान आजोबा हसले नाहीत. ते एकदम खेकसले, ‘‘आणि आम्ही कसे शिकलो असं तुला वाटतं? गोठ्यामागं, बापासमोर उभं राहून! बाप उजवा, मी डावा. आमच्या वेळी अर्धं गाव डावं होतं, अर्धं उजवं. कुणाला पडली होती? मग शहरातून ते वहीवाले आले नाच लिहून घ्यायला. एका रांगेत उभं करून म्हणाले, सगळ्यांनी उजवा, मंचावर छान दिसतं. मी पंचवीस वर्षांचा होतो. एवढा मोठा बाप्या, आणि पाय बदलला.’’

‘‘पण व्हेंडेलीन...’’

‘‘तुझा व्हेंडेलीन वहीवाल्यांच्या आधीच शिकला. कुणाकडून? माझ्यासमोर उभा राहून. शेंबडं पोर होतं. मी डावा, म्हणून तो उजवा. तो उजवा, म्हणून तू डावी. बाई, तू उलटं कुठं शिकवलंस? माझाच पाय फिरून पुन्हा गावात आणलास.’’

हेडविकाचा जीव भांड्यात पडला. असा पडला की तिला बाकावर बसावं लागलं आणि कुणाचा तरी वाइनचा ग्लास तिनं न विचारता रिकामा केला. ती हसत होती की रडत होती हे तिलाच सांगता आलं नसतं. आता काही झालं तरी व्हेंडेलीनचा नाच तिच्या हातून मेला नव्हता.

किलियान आजोबा मात्र बसले नाहीत. काठी त्यांनी क्रिश्टॉफच्या हातात दिली आणि वादकांपुढं जाऊन उभे राहिले. साठ वर्षांत त्यांनी गाणं मागितलं नव्हतं असं नाही, पण गेली दहा वर्षं कुणी ऐकलं नव्हतं. आवाज फाटका, शब्द निम्मे गळालेले. व्हायोलिनवाल्यानं चाल हळू घेतली. म्हाताऱ्यानं आधी सवयीनं उजवा हात उचलला, मधेच थांबला, खाली घेतला, आणि डावा वर केला.

उडी चार बोटं उंच असेल, तीनही असेल. पण मारली डाव्यावरून. टेबलावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी ग्लास उचलले, आणि दोघा-तिघांनी टेबलाखाली गुपचूप पाय हलवून पाहिले.

धापा टाकत ते हेडविकाच्या बाकाशी आले.

‘‘गंजलाय,’’ ते आपल्या डाव्या गुडघ्यावर थापटी मारत म्हणाले. ‘‘शिकवतेस कधी?’’

‘‘मंगळवारी, सहाला.’’

‘‘मागच्या रांगेत उभं करू नकोस. मला दिसत नाही.’’

‘‘पुढं उभे राहा, आजोबा,’’ हेडविका म्हणाली. ‘‘मीच तुमच्या मागं उभी राहते.’’