खरी थोबाडीत

नायिकेची भूमिका वल्लरीला गेली आणि विनीताच्या वाट्याला त्या नायिकेची सासू आली. सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय मिळणार म्हणा, पण पोटात दुखायचं ते दुखलंच. विनीता पुण्यात चार वर्षं रीतसर नाटक शिकलेली. आणि ही पोरगी वन-नॉर्थच्या टेक-पार्कातल्या ऑफिसातून लॅपटॉप सांभाळत तालमीला येणार, शिक्षण म्हणाल तर दोन वर्कशॉप.

त्या शनिवारी तालमीला क्लेमेंटी भागातल्या भाड्याच्या हॉलमध्ये थोबाडीत मारायचा प्रसंग होता. सासू मारते, सून रडते. विनीताच्या पुण्यातल्या सरांचा नियमच होता, नटीला खरं रडू यायचं तर थोबाडीतही खरी बसायला हवी. नायकाला मार बसायचा तेव्हा मात्र हात नुसता फिरायचा आणि आवाजाची टाळी विंगेतून वाजायची. एका नाटकाच्या तालमींत विनीतानं अशा एकोणीस खाल्ल्या होत्या आणि आजवर तो आकडा मिरवला होता.

दिग्दर्शक विश्वासनं खूण केली. विनीतानं मनातलं सगळं हातात आणून सणसणीत वाजवली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

वल्लरी रडली नाही. गाल चोळत म्हणाली, "थांबा, विनीताताई. अशी नको."

"आम्ही अशाच शिकलो."

"मग मी दाखवते. मी मोजते, माझा हात तीनला तुमच्या गालाजवळून जाईल, टाळी तुम्ही वाजवायची. नको वाटलं तर थांब म्हणा, मी थांबेन."

वल्लरीनं मोजायला सुरुवात केली. 'दोन' ऐकताच विनीताचे डोळे आपोआप मिटले, दात आवळले गेले, गाल पुढे आला. गालाला नुसता वारा लागला. टाळी वाजवायची राहूनच गेली.

डोळे उघडले तर भरलेले, आणि हुंदका आवरेना. हेवा गेला नव्हता, उलट वाढला होता. भूमिका गेली तर गेली. या पोरीला सव्विसाव्या वर्षी 'थांबा' म्हणता येत होतं आणि ते तिला कुणीतरी शिकवलं होतं.

विश्वास मोबाइल काढून धावत पुढे आला. "विनीता, रडत राहा, मी शूट करतो. वल्लरी, बघ, मला अगदी अस्सं हवंय."

विनीतानं डोळे पुसले.

"थांब, विश्वास," ती म्हणाली.