सोवळ्याचा ड्राइव्ह

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, नुसती घरघरतेय. पण कुणी कान दिला तर त्या घरघरीतही पुष्कळ असतं. आमच्या जातीत मी म्हातारीच म्हणायची. हल्लीच्या त्या चपट्या, मुक्या डिस्क आल्यापासून आम्हाला विचारतो कोण! माझ्या पोटात चकत्या गरगर फिरतात, त्यांच्यावर एक सुई धावते, आणि एवढ्याशा जागेत माणसं आपला अख्खा संसार कोंबतात.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, पण त्यातलं मला काही आठवत नाही. आठवण सुरू होते ती नाशिकमध्ये, द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात. ललित नावाच्या दुकानदाराने मला एका काळ्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं आणि माझे दोन भाग पाडले, सी आणि डी. सीमध्ये कॉम्प्युटर चालवण्याचं सामान, डीमध्ये घरच्यांचं. मग पंचवटीतल्या विश्वेशने मला रिक्षात मांडीवर धरून घरी नेलं. घरात शिरताच मला हळदकुंकू लागलं, तेव्हाच ओळखलं की आपण भटजींच्या घरात पडलो.

विश्वेश अंबडला एका कंपनीत नोकरीला. त्याचे वडील ढुंढिराज गुरुजी गंगेवर यात्रेकरूंचे विधी करायचे. मुलाने भिक्षुकी घेतली नाही याचं त्यांना वाईट वाटे, पण तेवढं एक ते बोलून दाखवत नसत. ती कसर बाकी सगळ्या बाबतींत भरून काढत. विश्वेश चाळिशी ओलांडलेला बाप्या, पण वडिलांची, म्हणजे अण्णांची, चाहूल लागली की मांडी सावरून बसायचा.

घरातलं सगळं माझ्याकडे यायचं. विश्वेशची मुलगी आभा, तिच्या बारशाचे फोटो, त्याचे सिनेमे, त्याच्या बायकोने, यशश्रीने, उतरवून घेतलेल्या पाककृती. त्या घरात अंडं कधी आलं नाही, पण अंडाकरीचा एक व्हिडिओ माझ्या पोटात होता. कुणी पाठवला, कुणी ठेवला, देव जाणे. मला त्याचं काही वाटत नसे. माझ्याकडे सगळं एकाच पंगतीला बसतं.

मग गुरुजींच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन केलं नाही तर जिवाला धोका, केलं तर आवाज जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गुरुजी घरी आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि त्यांनी नातीला हाक मारली. आभा त्यांच्याकडे नुकती रुद्र शिकायला लागली होती. मुलीला कशाला शिकवता, असं गल्लीत दोघाचौघांनी सुचवून पाहिलं होतं. मुलाला नकोय, मुलीला हवंय, मग तुमच्या पोटात का दुखतंय, असं गुरुजींनी त्यांना विचारलं होतं.

ऑपरेशनची तारीख येईपर्यंत गुरुजी रोज सकाळी मोबाइलसमोर बसले. वडिलांकडून जे जसं आलं होतं, ते त्याच चालीत, त्याच ठेक्यात म्हणून ठेवलं. मोबाइल भरला की विश्वेश ते माझ्याकडे उतरवायचा आणि मोबाइल रिकामा करायचा. एक प्रत दुसरीकडे ठेवा हो, असं यशश्री त्याला म्हणाली होती. तो म्हणाला, बघू. या ‘बघू’ने किती घरं बुडवली असतील!

ऑपरेशन झालं. गुरुजी वाचले, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, तीही चार शब्दांत दमणारी. पण मी होते ना. रोज संध्याकाळी आभा मला सुरू करायची, माझ्यातून आजोबांचा भरदार आवाज निघायचा आणि शेजारी बसलेले आजोबा बोटाने स्वर दाखवायचे. खरं सांगते, त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

एका संध्याकाळी आभा फाईल शोधत होती आणि गुरुजी चष्मा लावून पडद्याकडे बघत होते. यादीत रुद्राच्या बरोब्बर वर अंडाकरी. झालं! गुरुजी ताडकन उठले. विश्वेशला बोलावलं आणि कुजबुजले, “सोवळ्यातलं आणि ओवळ्यातलं एका घरात ठेवतोस? वेगळं कर.”

नुसता वेगळा फोल्डर करून भागलं असतं. विश्वेशने तसं सुचवलंही. पण फोल्डर म्हणजे एकाच खोलीतलं कपाट, हे गुरुजींनी नातीकडून समजून घेतलं होतं. त्यांना मध्ये भिंत हवी होती. म्हणजे माझा तिसरा भाग पाडायचा, फक्त मंत्रांचा. विश्वेशला करायचं होतं रविवारी, सावकाश. गुरुजींनी पंचांग उघडलं. रविवारी व्यतिपात, शनिवारी सकाळची वेळ उत्तम. आमच्या भागात शनिवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. कॉम्प्युटरला आधाराची बॅटरी होती, पण ती कधीच मेली होती. विश्वेशला दोन्ही ठाऊक होतं. पण अण्णांनी काढलेला मुहूर्त मोडायचा म्हणजे? त्याची छाती झाली नाही.

शनिवारी त्याने माझ्यावर फूल वाहिलं आणि काम सुरू केलं. डीमधली अर्धी जागा मोकळी होती, तरी कॉम्प्युटर म्हणे, एवढीशीच देतो. कारण मध्येच एक न हलणारी फाईल ठाण मांडून बसली होती. विश्वेशने इंटरनेटवर बघून हे बंद कर, ते बंद कर असे उपाय केले. ती हलेना. शेवटी त्याने कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. ते सगळं सामान उचलून एका बाजूला सरकवणारं होतं. काम चालू असताना वीज घालवू नका, अशी सूचना पडद्यावर आली होती. त्याने ती वाचली, घड्याळाकडे पाहिलं आणि होकाराचं बटण दाबलं.

सामान अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि वीज गेली.

परत आली तेव्हा डी नव्हता. त्या जागी पडद्यावर एक काळी पट्टी आणि ‘अनअलोकेटेड’ हा शब्द. म्हणजे सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नसलेली जमीन. विश्वेशच्या पाचावर धारण बसली. त्याने ललितला फोन लावला. ललित म्हणाला की घाबरू नका, नकाशा पुसलाय, माल आतच आहे. फक्त तिथे काहीही लिहू नका, बंद करा आणि सोमवारी घेऊन या.

अहो, खरंच होतं सगळं आत! प्रत्येक मंत्र कुठे ना कुठे शाबूत होता. नुसता कॉम्प्युटर बंद केला असता तर आज मी ही रड सांगत बसले नसते.

पण गुरुजी दुपारची झोप काढून मंत्रांचं नवं घर बघायला येणार होते. अण्णांना खरं सांगून टाका, असं यशश्रीने परोपरीने विनवलं. विश्वेश म्हणाला, आधीच ते खचलेत, त्यात हे ऐकलं तर हाय खातील. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! त्याने त्या काळ्या पट्टीवर नवा भाग केला, त्याला ‘सोवळे’ नाव दिलं, आणि तो रिकामा दिसू नये म्हणून इंटरनेटवरून कुणाकुणाचे रुद्र, कुणाकुणाची सूक्तं उतरवून त्यात भरली. नावं अण्णांच्या फाईलींचीच दिली. मला ‘लिही’ म्हटलं की मी लिहिते, नाही म्हणायची सोय आमच्या जातीत नाही. मंत्र नेमके त्या पट्टीच्या तोंडाशीच पडले होते, त्यामुळे परका आवाज एकेक करून गुरुजींच्या आवाजावर चढत गेला आणि तो मीच चढवला.

गुरुजींनी यादी पाहिली. वर अंडाकरी नाही, खाली सिनेमा नाही. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. विश्वेशला तो हात सोसला नाही, चहाचं निमित्त करून तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाने रुद्र लावला. पहिल्याच ओळीला गुरुजींचं उचललेलं बोट थांबलं. आभाने दुसरी फाईल लावली, मग तिसरी. “आजोबा, हे तुम्ही नाही आहात,” ती म्हणाली. तेव्हा विश्वेश पुढे आला आणि वडिलांच्या पायाशी बसून त्याने सगळं सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग कुजबुजले, “रिकामं दाखवलं असतंस तर मी रागावलो असतो. एवढंच ना?”



सोमवारी ललितने मला उघड्यावर काढून त्याच्या यंत्राला लावलं. पुष्कळ खटपट केली बिचाऱ्याने. नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं, वर दुसरं लिहिलंत तिथे माझा इलाज नाही, असं तो म्हणाला. सिनेमे परत आले. बारशाचे फोटो आले. अंडाकरीही आली, अगदी धडधाकट. गुरुजींचा मात्र एकच तुकडा निघाला. त्यात ते खाकरतात, पाण्याचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि ते म्हणतात, “आभा, आता नीट ऐक हं.” तिथे तुटतं.

तो तुकडा आता चार ठिकाणी जपून ठेवलाय. विश्वेशला कशाच्याही प्रती करायचं वेड लागलंय. आभा परक्या आवाजावरून शिकते. चाल वेगळी पडली की गुरुजी हात वर करून तिला थांबवतात. ती थांबते आणि त्यांच्या तोंडाकडे बघते. त्यांचे ओठ हलतात, पण ती चाल काही त्यातून बाहेर येत नाही.

मला आता कॉम्प्युटरमधून काढलंय. टेबलाच्या खणात जुन्या वायरींशेजारी पडून असते. तुम्हाला हात जोडून एकच सांगते. आमची वाटणी खुशाल करा, पण आधी एक प्रत बाहेर ठेवा. आणि काही हरवलंच, तर ती जागा तशीच रिकामी राहू द्या आणि घरच्यांना सांगा. रिकाम्या जागेतून आम्ही पुष्कळ काही परत देऊ शकतो हो.

आभा अधूनमधून खण उघडते, मला हातात घेते, कानाशी नेते आणि परत ठेवते. तिला पुढचं ऐकवायला मला फार आवडलं असतं.