छातीवर खोचलेली सुई

मी एक हिरवा कापडी एप्रन बोलतोय. सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी सास्तूरच्या एका अंगणात, बाळाच्या दुपट्यांशेजारी बादलीत भिजत होतो. तेव्हाच ते घडलं. सांगतानाही मान खाली जाते.

मला उमरग्याच्या शिंप्यानं शिवलं. तिथून मी दवाखान्यातल्या पोस्टमार्टमच्या खोलीत आलो. माझा माणूस शांतलिंग. डॉक्टरांची तपासणी झाली, की मेलेल्याचं अंग तो जाड, वाकड्या सुईनं शिवतो. इतकं नीट, की घरच्यांना बघवावं. मग हरवू नये म्हणून सुई माझ्या छातीवर खोचायचा. मला बिल्ला लावल्यासारखं वाटायचं. मी चक्क मिरवायचो!

त्या खोलीतले कपडे धोबी घेत नाही. म्हणून शांतलिंग मला गुपचूप घरी न्यायचा आणि त्याची बायको राजेश्वरी मला धुवायची. त्या दिवशी सुई काढायची राहून गेली.

"आई गं!" तिच्या अंगठ्यातून रक्त आलं. पाळण्यात चार महिन्यांचं बाळ झोपलेलं.

शांतलिंगचं तोंड उतरलं. "काय न्हाय होत. हळद लाव."

"कुणाला शिवलंय हिनं?"

त्यानं सुई उपसून कागदात गुंडाळली.

"अहो, दवाखान्यात चला."

"साहेबांना काय सांगू? एप्रन घरी नेतो म्हणून?"

"मग पोराला म्या काय सांगू?"

तो उठला, तिला घेऊन निघाला. तिथलं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. दवाखान्यात शारदा सिस्टरनी आधी तिचा अंगठा नळाखाली साबणानं धुतला. मग त्याच्याकडं वळल्या, "मेलेल्याला लई जपून शिवतोस, आन् जित्या बायकोला टोचतोस व्हय रं?"

डॉक्टरांनी औषधं दिली. म्हणाले, मेलेल्याचा आजार सुईतून रक्तात शिरला असेल तर कळायला हवं, तीन महिने रक्त तपासत राहू, तोवर बाळाला वरचं दूध द्या.

बाळ रडलं की राजेश्वरी भिंतीकडं तोंड करून बसायची. सासू धुरपताबाई वाटी-चमचा घ्यायच्या. मला तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता; अंगणातल्या दोरीवरून मी सगळं बघायचो.

शेवटचा रिपोर्ट चांगला आला. ती धावतच घरी आली, बाळाला पदराखाली घेतलं. त्यानं तोंड फिरवलं आणि वाटीकडं हात केला.

आता मी त्या खोलीतच खिळ्यावर असतो. तिथंच औषधाच्या पाण्यात धुतला जातो. सुई डबीत जाते. छातीवर मात्र दोन भोकं राहिलीत.

तुमच्या ओळखीत कुणाचा माणूस असल्या खोलीत कामाला असेल, तर त्याच्या बायकोला एवढं सांगा: कामाचे कपडे उंबऱ्याच्या आत घेऊ नको. तो लाजेल, चिडेल. तरी घेऊ नको.