केरबाने ठेवलेली भोकं

मी बोलतंय ते धारगळचं घर. हसू नका. पस्तीसेक वर्षं माणसांची भांडणं मुकाट ऐकली, आता जरा माझंही ऐका.

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी कृष्णनाथने मला बांधायला काढलं. त्याला माझं तोंड पश्चिमेच्या हायवेकडे हवं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून! गवंडी केरबा गडहिंग्लजचा. तो भर दुपारी जागेवर उदबत्ती लावून बसला आणि धूर कुठे जातो ते बघत राहिला.

“मालक, तोंड रस्त्याकडं नगं. दुपारचं ऊन रोज घरात जेवायला येतंय बघा. उत्तरंकडं फिरवूया.”

कृष्णनाथ चिडला, भांडला, शेवटी त्याने ऐकलं. केरबाने चिऱ्यांच्या जाड भिंती घातल्या, छप्पर चांगलं पुढे काढलं आणि भिंतींच्या माथ्यावर, कौलांखाली, हातभर रुंद भोकं ठेवली. गरम हवा वर चढते आणि तिथून सटकते. चौथी शिकलेला माणूस, पण काय डोकं हो!

गेल्या उन्हाळ्यात कृष्णनाथची लेक गौरवी बाळंतपणाला यायची होती. “आई, तिथे एसी नाय. बाळाची काय गत व्हायची?” ती फोनवर म्हणाली. तिच्या आईचा, विनोदिनीचा, चेहराच पडला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढी एकच हौस बाईची. मग गौरवीच्या भावाने, देवेशने, एसी बसवला आणि थंडावा जाऊ नये म्हणून माझी भोकं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांनी बुजवली. माझा जीव गुदमरला.

बाळ पंधरा दिवसांचं असताना तारांवर माड पडला. दोन दिवस वीज नाही. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, शिवाय शेकायला खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं. बाळ लालेलाल झालं, रडून रडून त्याचा घसा बसला. गौरवी बॅग भरायला लागली.

“मी म्हापशाला सासरी जाते. तिथे जनरेटर आहे.”

“जा गे बाय,” म्हणत विनोदिनी रडायलाच लागली.

तेवढ्यात कृष्णनाथने शिडी लावली. सत्तरीला टेकलेला माणूस! “खिडक्या उघडू नका. वारा खाली यायचा नाही,” म्हणत त्याने एकेक पोतं ओढून खाली टाकलं. तासाभरात खोली निवली. विनोदिनीने बाळाच्या मानेला हात लावून पाहिला, मान कोरडी होती. गौरवीने बॅगेतले लंगोट परत फळीवर ठेवले.

“ह्या भोकांवरून मी केरबाला मूर्ख म्हटलं होतं,” कृष्णनाथ शिडीवरूनच पुटपुटला. केरबाला जाऊन सात वर्षं झाली.

तेव्हा बाबांनो, एक विनंती. भर मे महिन्यात तुमच्या घरात कुणाला शांत झोप लागली, तर ते घर बांधणाऱ्याला आजच जाऊन सांगा.