शिळ्या पाण्याची बादली

मित्रांनो, मी एक जुनी निळी बादली आहे. माझी कडी एका बाजूने तारेने बांधलेली आहे आणि अंगावर इतके चरे आहेत, की आपण कधी गुळगुळीत होतो हे आता माझं मलाच पटत नाही. माझ्याबरोबर साच्यातून निघालेल्या बहुतेकजणी फरशा पुसण्यात खपल्या. मला काकू भेटल्या आणि पाणी शिळं करण्याची नोकरी लागली.

हसू नका. काकूंच्या काचेच्या टाकीत जन्मभर पाण्यातच राहणारे इवलेसे बेडूक होते. नळाच्या पाण्यातलं औषध त्यांना सोसत नसे, म्हणून ते पाणी आधी दिवसभर माझ्यात उघडं राहायचं. त्या घरात सगळ्यांना सगळं ताजं लागे. शिळेपणाला मान होता तो फक्त माझ्या कोपऱ्यात.

आईबाप म्हणून ते बेडूक अगदीच टाकाऊ. स्वतःचीच अंडी गिळायचे. काकू अंडी चमच्याने उचलून लहान टाकीत ठेवत आणि जोडप्याला चार शब्द सुनावत. संध्याकाळी नर पाण्याखालून बारीक गुणगुणला, की स्वयंपाकघरातून म्हणत, "आले, आले."

काकांचं चष्म्याचं दुकान. अख्ख्या गल्लीला नजर पुरवायचे. घरात समोरचा डबा दिसायचा नाही.

पुढे ती बेडकांची म्हातारी जोडी गेली. मागे शेवटची पिल्लं उरली. त्यांना मागचे पाय फुटत होते, तेव्हाच काकूंना दवाखान्यात हलवलं. निघताना त्या काकांना म्हणाल्या, "शेपट्या जाईपर्यंत सांभाळा. पुढे मी आहेच."

त्या परत आल्या नाहीत.

काका सांभाळू लागले. बाह्या सारून, भिंग लावून, एकेका पिल्लाची शेपटी निरखत बसायचे. मग सोबतीला त्यांची थोरली बहीण आली, अक्का. अक्कांचं दुःख हाताला काम मागणारं. पडदे झाले, कपाटं झाली, आणि एका दुपारी त्यांचं लक्ष माझ्या बुळबुळीत अंगाकडे गेलं. त्यांनी मला साबणाच्या पुडीने घासलं. इतक्या मायेने मला कुणीच धुतलं नव्हतं. साबण माझ्या चऱ्यांत जाऊन बसला. मला तोंड आहे, पण ते फक्त पाण्यापुरतं.

काकांनी नेहमीसारखं पाणी बदललं. सकाळी पिल्लं तळाशी पडली होती, शेपट्यांसकट. काकांनी मला हुंगलं. मग पिल्लं कुंडीत पुरली, साबणाचा डबा माळ्यावर खोक्यांमागे सारला आणि अक्कांना अवाक्षर सांगितलं नाही. टाकीचा दिवा लावत राहिले, मला भरत राहिले. अक्कांनी विचारलं, की पिल्लं दिसत कशी नाहीत, तर म्हणाले, लाजाळू आहेत.

काही दिवसांनी कपडे धुवायला साबण मिळेना, म्हणून अक्का माळ्यावर चढल्या. खोक्यांमागचा डबा घेऊन उतरल्या आणि माझ्यासमोर बसल्या. काकांसारखंच त्यांनीही मला हुंगलं. मग डबा होता तिथेच ठेवून आल्या. मला नुसत्या पाण्याने पुन्हा पुन्हा विसळलं, काठोकाठ भरलं आणि कोपऱ्यात ठेवलं.

जेवताना त्या म्हणाल्या, "शेपट्या गेल्या असतील आता."

"गेल्या," काका म्हणाले.

"मग झालं. तिने तेवढंच सांगितलं होतं."

तेव्हापासून मला कधी काका भरतात, कधी अक्का. माझ्यातलं पाणी रोज रिकाम्या टाकीत पडतं.

मित्रांनो, कुणाची बादली घासण्याआधी ती कशाची आहे, एवढं विचारत जा. घासून झाली असेल, तर निदान नंतर तरी भरत जा.

संध्याकाळी टाकीतून बारीक गुणगुण येते. टाकीचा हवेचा पंप केव्हाच बंद आहे. काका मान वर करत नाहीत. चष्मा पुसत राहतात. स्वयंपाकघरातून अक्का म्हणतात, "आले, आले."